३५०झेड की ३७०झेड: मुंबईत ठेवायची तर कुठली?

ठाण्याच्या एका वाचकासमोर जवळपास सारख्याच किमतीत निसानच्या दोन स्पोर्ट्स कार आहेत. पहिली २००४ची ३५०झेड, त्या काळी कुणीतरी परदेशातून आणून इथे नोंदवलेली. दुसरी २०११ची ३७०झेड, भारतातच शोरूममधून विकली गेलेली. दोन्ही सहा गिअरच्या, मॅन्युअल. वापर म्हणाल तर शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे, अधूनमधून रात्री कोस्टल रोड आणि हौस म्हणून कधीतरी बीकेसीतल्या ऑफिसला. कुठली घेऊ, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर: ३७०. मात्र किमतीतून दोन कामांचे पैसे कापून घेतल्याशिवाय नाही. आणि ती जास्त ताकदवान आहे म्हणून तर मुळीच नाही.

ताकदीचं आधी उरकून घेऊ, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते. ३५०च्या सुरुवातीच्या इंजिनाला, म्हणजे ३४९८ सीसीच्या व्हीक्यू३५डीईला, अमेरिकेतल्या आकड्यांनुसार २८७ हॉर्सपॉवर. ३७०च्या ३६९६ सीसीच्या व्हीक्यू३७व्हीएचआरला ३३२. कागदावर फरक भरभक्कम दिसतो. आता टॉर्क बघा. जुन्या इंजिनाचा साधारण ३७१ न्यूटन-मीटर, तोही ४८०० आरपीएमला. नव्याचा ३६६, आणि तो ५२००ला. म्हणजे ओढ दोघींची सारखीच, उलट जुनीत ती जरा लवकर हाताशी येते. वाढलेली हॉर्सपॉवर सगळी वरच्या मजल्यावर आहे, ३७० तिची पूर्ण ताकद ७००० आरपीएमला देते. सायनहून घाटकोपरला जाताना काटा तिथवर कधी जाणार? अटल सेतूवर मोटारींना १००ची मर्यादा, कोस्टल रोडला ८०, बोगद्यात ६०, एक्स्प्रेसवेच्या घाटातही ६०. थांबलेल्या गाडीपासून शंभरपर्यंत ३५०ला सहा सेकंदांच्या आसपास लागतात, ३७०ला सव्वापाचच्या. एवढ्या फरकासाठी गाडी निवडू नका. शहरात दोन्ही चालवून बघितल्यात, तर पाठीला बसणाऱ्या धक्क्यावरून कुठली कुठली हे सांगणं अवघड जाईल.

मग या दोघींत निवडायचं कशावर? माझ्या मते तीन गोष्टींवर: ऑइल, क्लच आणि कागद. मुंबईत झेड ठेवणाऱ्याचं सुखदुःख याच तीन ठिकाणी ठरतं.

त्याआधी थोडी वंशावळ, कारण पुढच्या बोलण्याला ती लागेल. झेडची सुरुवात १९६९ची. अमेरिकेत डॅटसन २४०झेड म्हणून तिने नाव कमावलं आणि तिथे तिच्यामागे उभे राहिलेले युताका कातायामा ‘मिस्टर के’ म्हणून ओळखले गेले. ३००झेडएक्स १९९६ला अमेरिकेच्या बाजारातून गेली, मग काही वर्षं पोकळी, आणि २००२ला ३५०झेड आली. तिचा बाहेरचा आकार अजय पांचाळ या डिझायनरचा. आपल्याकडे ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून मी ती प्रत्येक वेळी सांगतोच. २००८च्या शेवटी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ३७० दाखवली गेली आणि २०२०पर्यंत ती बनत राहिली. त्यानंतरच्या झेडमध्ये दोन टर्बो आले. म्हणजे टर्बोशिवायच्या झेड या दोघींपाशीच संपल्या.

‘३५०झेड’ म्हणताना मात्र लोक दोन वेगळ्या गाड्या एकाच नावाने बोलतात, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. २००६पर्यंतच्या गाड्यांत डीई इंजिन. २००७पासून व्हीक्यू३५एचआर: हवा ओढायला दोन स्वतंत्र वाटा, दोन थ्रॉटल, ७५०० आरपीएमची लाल रेघ, ३०६ हॉर्सपॉवर आणि बॉनेटला मधोमध फुगवटा. हे एचआर म्हणजे ३७०च्या इंजिनाचं मोठं भावंड. गुण तेच, दुखणीही बरीचशी तीच. मधे २००५-०६च्या काही मॅन्युअल गाड्यांत जास्त फिरणारं डीई बसवलं होतं, ते ऑइल पिण्याबद्दल बदनाम आहे. तुम्हाला मिळणारी २००४ची आहे, म्हणजे साधं डीई. इंजिनापुरतं बोलायचं तर ही चांगली बातमी.

आता ऑइल. एचआर आणि ३७०च्या व्हीएचआर इंजिनात पुढच्या टायमिंग कव्हरच्या आत, ऑइल गॅलरीच्या, म्हणजे ऑइल वाहून नेणाऱ्या वाटेच्या तोंडावर एक गास्केट आहे. सुरुवातीच्या गाड्यांत ती कागदी धाटणीची होती. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन ती फाटते आणि ऑइलचा दाब आतल्या आत गळून जातो. बाहेर थेंब पडत नाही, जमिनीवर डाग नाही, डिपस्टिकवर पातळीही बरोबर. दाब मात्र कमी. सिग्नलला गरम इंजिन आयडलवर उभं असतं तेव्हा तो सगळ्यात कमी होतो, आणि मुंबईत गाडीचं निम्मं आयुष्य तिथेच जातं. पुढे गाडीच्या संगणकात कॅम टायमिंगच्या बिघाडाचे कोड यायला लागतात, तोवर उशीर झालेला असतो.

यातला विनोद डॅशबोर्डवर आहे. दोन्ही गाड्यांत मधोमध तीन गोल घड्याळं असतात. ३५०च्या तिघांत एक ऑइल प्रेशरचं. ३७०मध्ये निसानने ते काढून ऑइलच्या तापमानाचं घड्याळ दिलं. जिला दाबाचं दुखणं नाही तिला दाबाचा काटा, आणि जिला आहे तिला नाही! म्हणून ३७० घेताना माझा आग्रह असा की गाडी चांगली अर्धा तास चालवून गरम करा, गॅरेजमध्ये आणून प्रेशर स्विचच्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावा आणि बघा. निसानच्या मापाप्रमाणे गरम इंजिनाला आयडलवर किमान १४ पीएसआय आणि २००० आरपीएमला किमान ४३ पीएसआय हवा. आयडलचा आकडा १४च्या खाली घुटमळत असेल तर पुढचं बोलणं थांबवा. बरोब्बर १४-१५ असेल तर ते काम उंबरठ्यावर आहे असं धरून चाला.

काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. इंजिनाचा पुढचा भाग पूर्ण उघडावा लागतो. सुटा भाग स्वस्त, मजुरी महाग. व्हीक्यू इंजिनात वॉटर पंपही टायमिंग चेनवरच चालतो, त्याच कव्हरच्या आत. तेव्हा एवढं उघडलंच आहे तर पंप, चेनचे टेन्शनर आणि पुढचं ऑइल सील त्याच बैठकीत बदलून टाका. गास्केट धातूची घालायची. आधीच्या मालकाने हे करून घेतलं असेल तर तो बिल फडकावून दाखवेल. ‘केलंय हो, पण बिल नाही सापडत’ याचा अर्थ केलेलं नाही.

तापमानाबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या ३७० जोरात चालवल्या की ऑइल फार तापतं, आणि १३८ अंशांच्या आसपास गेलं की गाडीचा संगणक स्वतःच इंजिनाला आवर घालतो. अमेरिकेत रेसट्रॅकवर न्यायला सुरुवात झाल्यावर हे उघडं पडलं आणि पुढच्या वर्षांच्या गाड्यांत निसानने ऑइल कूलर दिला. २०११च्या गाडीत तो असण्याची शक्यता कमी. ट्रॅफिकमध्ये हा त्रास होत नाही. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट रेटून चढलात तर काटा चढताना दिसेल. थर्मोस्टॅट असलेला कूलर बसवून घ्या. थर्मोस्टॅट नसलेला नको, तो पावसाळ्यात ऑइल नीट गरम होऊ देत नाही.

दुसरी गोष्ट क्लच, आणि इथे जुनी गाडी नवीला सरळ मागे टाकते. डीई इंजिनाच्या ३५०मध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा भाग, गिअरबॉक्सच्या बाहेर, बाजूला लावलेला आहे. बिघडला तर गाडी लिफ्टवर घ्या, दोन बोल्ट सोडा, नवा लावा, जेवायच्या वेळेपर्यंत गाडी परत. ३७०मध्ये, आणि २००७नंतरच्या ३५०मध्येही, तो बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाच्या आत, शाफ्टभोवती कडं घातल्यासारखा आहे. तिथे गिअरबॉक्सची उष्णता लागते, सील जातं, आणि एक दिवस घोडबंदर रोडच्या गर्दीत पेडल खाली जातं ते वर येतच नाही. मग गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. मुंबईतली दमट हवाही हातभार लावते, कारण ब्रेक-क्लचचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी शिरलेलं तेल लवकर उकळतं. ३७०च्या मालकांना मी दर पावसाळ्यानंतर क्लचचं तेल बदलायला सांगतो. चांगल्या प्रतीचं डॉट ४ घाला.

गाडी बघायला जाल तेव्हा क्लचच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडा. तेल चहासारखं काळपट दिसलं तर भाव करायला मुद्दा मिळाला. गिअरबॉक्स उतरवून आतला स्लेव्ह, क्लच प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलणं, हेच सुरुवातीला म्हटलेलं दुसरं काम. पहिलं गास्केटचं.

३५०लाही सोडू नका. २००४च्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणारे भाग, कमजोर होते, पुढे सुधारलेला गिअरबॉक्स आला. इंजिन थोडं वर नेऊन दुसऱ्यातून तिसऱ्यात टाका, मग चौथ्यातून पाचव्यात. दात घासल्यासारखी करकर आली तर गिअरबॉक्स संपत आलाय. पुढच्या टायरांच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. सुरुवातीच्या ३५०ना पुढचे टायर करवतीसारखे झिजवण्याची खोड होती. पुढच्या सस्पेन्शनच्या कॉम्प्रेशन रॉडचे बुश आतून तेल भरलेले असतात, ते फुटून ओघळ आलाय का, आणि मागे डिफरेन्शियलच्या बुशवर काळं काही गळलंय का, हे खाली वाकून बघा. आपल्या खड्ड्यांत हे बुश फार टिकत नाहीत. खिडकीच्या मोटरीही मधेच दम सोडतात, काच दोन-तीनदा पूर्ण वरखाली करून बघा.

३७०चं आणखी एक विचित्र दुखणं म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉक. सुरुवातीच्या गाड्यांत ते अडकतं, डॅशवर किल्लीचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरूच होत नाही. इंजिन ठणठणीत, बॅटरी भरलेली, आणि तुम्ही मॉलच्या तिसऱ्या तळघरात उभे, जिथे टोइंगची गाडी शिरत नाही. ते बदललंय का किंवा निकामी करून घेतलंय का, हे विचारा.

चालवायला कशी? इथे ३७० निर्विवाद पुढे आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २६५० मिलिमीटरवरून २५५० झाला, गाडी रुंदीला १८१५ची १८४५ झाली. दारं आणि मागचं झाकण ॲल्युमिनियमचं. पुढे डबल विशबोन सस्पेन्शन. वळणात नाक जास्त चटकन आत जातं आणि बॉडी कमी मुरडते. मॅन्युअलमध्ये खालचा गिअर टाकताना इंजिन आपोआप योग्य आरपीएमला आणणारी सोय, सिंक्रोरेव्ह मॅच, जगात पहिल्यांदा याच गाडीत आली. घाट उतरताना ती इतकी सराईतपणे काम करते की चालवणाऱ्याला आपणच निष्णात झाल्यासारखं वाटतं. मला ती बंद ठेवायला आवडते, पण ती माझी खोड. सर्व्हिससाठी आलेली ३५० परत देताना मात्र मी जरा लांबचा रस्ता धरतो. तिचं स्टिअरिंग जड, बसणं कडक, प्लास्टिक हलकं, आणि तरी रस्त्यावरची प्रत्येक रेघ तळहातात येते. ३७०मध्ये हे थोडं पुसट झालंय, आणि पाच हजारांच्या वर तिचं इंजिन गोड गाण्याऐवजी घरघरतं. टायरांचा आवाजही केबिनमध्ये भरतो. नवी मुंबईच्या काँक्रीट रस्त्यावर शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो.

आखूड व्हीलबेसचा आपल्याला एक अनपेक्षित फायदा आहे. दोन्ही गाड्यांची जमिनीपासूनची उंची १२० मिलिमीटरच्या आसपास. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तसा असेल तर सावकाश, गाडी जराशी तिरकी घेत दोन्ही निघून जातात. पण सोसायटीच्या सेक्रेटरीने हौसेने बनवलेल्या डांबरी उंचवट्याला कुठलं माप? तिथे पोट घासण्याची पाळी ३५०वर आधी येते. घेण्याआधी विकणाऱ्याला गाडी तुमच्या सोसायटीत आणायला सांगा, उतारावरून खाली आणि पार्किंगच्या जागेत. स्टॅक पार्किंग असेल तर नक्कीच. या गाड्यांची दारं लांब आहेत आणि दोन खांबांच्या मधे ती जेमतेम अर्धी उघडतात.

सामानाचं एका ओळीत: ३५०च्या डिकीत मधोमध जाडजूड आडवी पट्टी आहे, ३७०मध्ये ती सीटच्या मागे सरकली, म्हणून दोघांच्या बॅगा बसतात. आणि ३५०ला ग्लोव्हबॉक्सच नाही. आरसी आणि पीयूसी शेजारच्या सीटमागच्या कप्प्यात. हवालदाराने अडवल्यावर पाठ वळवून शोधत बसायचं.

पावसाबद्दल मात्र गांभीर्याने सांगतो. ३७० विकणारे बरेचदा अभिमानाने म्हणतात, ‘इनटेक बदललाय, आवाज बघा’. लांब नळीचे इनटेक बसवले असतील तर हवेचे फिल्टर बंपरच्या मागे, खाली जाऊन बसतात. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी किंवा अंधेरी सबवेच्या तोंडाशी साचलेल्या पाण्यातून अशी गाडी गेली की इंजिन पाणी ओढतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ एअरबॉक्स मागून घ्या आणि जूनच्या आधी परत बसवा. शिवाय दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. ओल्या फ्लायओव्हरच्या जोडांवर शेपटी हलते, आणि ३७०ची जास्त झटकन हलते. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत आणि रबर मात्र लाकूड झालेलं, असं फार दिसतं. टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही असो, बदला. ३५०च्या १८ इंची चाकांचे मागचे २४५/४५ टायर मोठ्या जर्मन सेडानचे म्हणून मुंबईत सहज मिळतात. ३७०ला १९ इंची असतील तर मागे २७५/३५, ते आधी सांगून मागवावे लागतात.

पेट्रोल दोघींनाही ९५ ऑक्टेनचं. साध्यावर चालतील, पण नॉकिंग टाळायला इंजिन टायमिंग मागे घेईल आणि पैसे मोजून घेतलेली ताकद हरवेल. इथेनॉल २० टक्के असलेल्या पेट्रोलसाठी दोघीही बनलेल्या नाहीत. टाकी भरून दोन महिने उभी ठेवू नका, आणि ३५०च्या इंधनाच्या रबरी नळ्या वयाकडे बघून तशाही बदलायला झाल्या असतील.

आता कागद. माझा कल ३७०कडे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. वापरलेली मोटार भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची हवी, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. म्हणजे तुमची २००४ची ३५० साधारण २००७पर्यंत मुंबईत उतरलेली असली पाहिजे, आणि तिचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, असलं पाहिजे. त्यावरचा चेसिस नंबर, गाडीवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर, तिन्ही अक्षर न् अक्षर जुळवा. कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या हमीच्या कागदावर, तात्पुरत्या आणलेल्या गाड्या परत न नेता खोट्या कागदांवर खपवल्याची प्रकरणं महसूल गुप्तचर संचालनालयाने पूर्वी पकडली आहेत. अशी गाडी जप्त होते तेव्हा ती ज्याच्या दारात असते त्याचं नुकसान. ‘दुबईला वापरात होती’ असं कुणी म्हणालं तर कान टवकारा, कारण तिथल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. इंग्लंडहून आलेली असेल तर खालचा पत्रा तपासा, तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्यात आपली खारी हवा.

शिवाय नोंदणीचं वय. आयात मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर नव्याने करायची फी २०२२पासून ४०,००० रुपये आहे, आणि २० वर्षं उलटलेल्या आयात मोटारीला २०२५पासून ८०,०००. तुमची ३५० या दुसऱ्या गटात आलेली आहे. नूतनीकरण झालंय की तुमच्या गळ्यात पडणार, हे आरसीवरची मुदत वाचून कळेल. २०११ची ३७० पहिल्या गटात येते, तेही हिशेबात धरा. ती दिल्लीची असेल तर स्वस्त का मिळतेय हे उघड आहे: तिथे १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले होते. एनओसी, इथला कर आणि आरटीओच्या फेऱ्या यांचा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करा.

३५० माझ्या मते कोणाची? घरात रोजची दुसरी गाडी आहे, स्वतः स्पॅनर हातात धरायची आवड आहे आणि कागदांची पूर्ण फाइल हातात आली आहे, अशा माणसाची. त्याला मी ३७० घे असं सांगणार नाही. साधं इंजिन, बाहेरचा स्लेव्ह, दाबाचा काटा समोर. नीट जपली तर ती त्याला ३७०पेक्षा कमी खर्चात सांभाळता येईल.

तुमच्या वर्णनावरून तुम्हाला गाडी चालवायची आहे, उघडायची नाही. तेव्हा आधी ३७०चा ऑइल प्रेशर मोजून घ्या, आणि त्याच दिवशी ३५०च्या मालकाकडे बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागा. १४च्या वर आकडा आला तर दोन्ही कामांचा अंदाजे खर्च गॅरेजवाल्याकडून लिहून घ्या आणि तो कागद घेऊनच ३७०च्या मालकाशी बोलायला बसा.